मानेवर ‘३९०’ कोरलेली चिनी मातीची बाहुली: घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळावी कशी?

तापीकाठ, भुसावळ
रेल्वे क्वार्टरच्या जुन्या सामानातली एक विलायती बाहुली विकायला आली आहे. उंची २० इंच, डोकं झिलई नसलेल्या चिनी मातीचं, उघड्या तोंडात वरचे चार दात. मानेवर मागे ‘आर्मांड मार्सेय, जर्मनी, ३९०, ए ४ एम’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलीत. हातपाय लोंबतात, डोळे मिटलेलेच राहतात. विकणारा १८९० सालची म्हणतो. खरं असेल का? आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

जुनी मांडणी, धुळे
३९० हे साल नाही, साच्याचा क्रमांक आहे. ‘ए’ आणि ‘एम’मधला ४ म्हणजे डोक्याचं माप. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, ते १८९१ पासून लागू झालं. म्हणून ‘जर्मनी’ लिहिलेली बाहुली सहसा त्यानंतरची. हा साचा साधारण १९०० पासून १९३० च्या दशकापर्यंत चालला.

आर्मांड मार्सेय हा कारखाना जर्मनीत थुरिंजियातल्या कोपेल्सडोर्फचा. तो डोकी बनवून इतरांनाही विकायचा, त्यामुळे त्याच डोक्याखाली वेगवेगळ्या कारखान्यांची धडं सापडतात. ३९० हा सगळ्यांत जास्त मिळणाऱ्या साच्यांपैकी एक आहे, ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त मोजू नका. इथे भाव ठरतो तो तडा आहे की नाही यावर.

बिस्कवेडी, जळगाव
तडा बघायला केसांचा टोप काढावाच लागतो. टोपाखाली पुठ्ठ्याचं झाकण असतं, ते काढून खोलीत अंधार करा आणि डोक्याच्या आत बोटाएवढी छोटी एलईडी बत्ती धरा. चांगली बिस्क (झिलई नसलेली चिनी माती) मऊ, एकसारखी उजळते. केसासारखा तडा काळी रेघ होऊन उमटतो, बहुतेक वेळा डोक्याच्या वरच्या काठापासून कपाळाकडे उतरतो. दोन्ही कानांवरून सारखी जाणारी रेघ दिसली तर घाबरू नका, तो साच्याचा जोड. बारीक काळे ठिपकेही भट्टीतले, ते दोष धरत नाहीत.

अतिनील टॉर्चखाली चेहऱ्याचा एखादा भाग वेगळाच चमकला तर तिथे नंतर रंग चढवलाय. मूळ गाल-भुवयांचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो, ओलसर कापडाने पुसला तरी निघत नाही. धडाला मात्र पाणी लावू नका, ते लाकडाचा भुसा नि सरस यांच्या लगद्याचं असतं, फुगतं.

तापीकाठ
झाकण चिकटलेलं आहे. सुरीने काढू का?

बिस्कवेडी
नको! काठाचा टवका तिथेच उडतो. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून घट्ट पिळा, कडेने फिरवून दहा मिनिटं थांबा. जुना सरस मऊ पडतो, मग पातळ पट्टी हळूच सरकवा. नंतर कुणी आधुनिक गोंद लावला असेल तर तो सुटणार नाही, तेव्हा ओढाताण न करता सौदाच सोडलेला बरा.

सुई-दोरा, अमळनेर
हातपाय लोंबणं ही मोठी खराबी नाही, आतलं इलास्टिक मेलंय. हातांसाठी ३ मिमी आणि पाय-डोक्यासाठी ५ मिमीचं गोल इलास्टिक घ्या. पायांचा फास धडातून वर काढून मानेतल्या हुकात अडकवायचा. फास वर आला की त्यात पेन्सिल आडवी घाला, नाहीतर तो निसटून परत आत जातो. मांडीवर जाड टॉवेल हवाच. फार ताणलं तर डोकं धडावर आदळतं आणि मानेची कड फुटते. बाहुली उभी केल्यावर गुडघे वाकू नयेत, एवढाच ताण पुरे.

डोळ्यांमागे तारेला शिशाचं वजन असतं आणि पापण्यांवर मेणाचा थर. बाहुली लोखंडी कपाटात राहिली असेल तर आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत मेण मऊ होऊन पापणी खोबणीला चिकटते. बोटाने ढकललं तर काचेचा डोळा आत पडतो. पत्र्याखाली नको, आतल्या खोलीत जमिनीलगत लाकडी पेटीत सुती कापडात ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे वजनाच्या ओढीने डोळे सुटून डोक्यात आत पडत नाहीत. कोरडा उन्हाळा संपून पावसाळी दमट हवा आली की धडाचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून जूनमध्ये पेटी उघडून एकदा धड नीट बघा. टोप मोहेरचा (अंगोरा बकरीच्या लोकरीचा) असेल तर कसरही तेव्हाच लागते.