९० किमी सायकलनंतर धावताना ७ किमीला पोट डब्ब आणि मळमळ: खाणं चुकतंय की वेग?

रंकाळा_चक्कर

नमस्कार मंडळी. गोव्याच्या आयर्नमन ७०.३ ट्रायथलॉनची, म्हणजे हाफची, तयारी चालू आहे (१.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ धाव). टँकमधलं पोहणं आणि नुसती धाव व्यवस्थित होते. घोळ फक्त ब्रिकमध्ये (सायकलला लागूनच धाव) होतो, तोही सलग तिसऱ्या रविवारी तसाच. आकडे देतो.

मार्ग: गगनबावडा रोडनं ४५ किमी जाऊन परत, मग रंकाळ्याभोवती १२ किमी धाव. निघताना वजन ७२.४, संपल्यावर ६९.६. एकूण वेळ ४ तास ४५ मिनिटं, त्यात सायकल ३:२५. सायकलवर सरासरी हार्ट रेट १५०. थ्रेशोल्ड (साधारण तासभर टिकेल अशा जोराचे ठोके) १६८ आहे, म्हणजे ८९ टक्के, झोन २ च्या (लांब पल्ल्याच्या हलक्या जोराच्या) आतच.

पहाटे ५ ला २ केळी, ग्लासभर म्हशीचं दूध, ८ बदाम. पावणेसहाला सुरुवात. ७५० मिलीच्या २ बाटल्या, प्रत्येकीत ५० ग्रॅम गूळ, लिंबू, चिमूटभर मीठ. जाताना एकच बाटली संपते. परतताना दुसरी बाटली, १ लिटर साधं पाणी, ४ साधे खजूर आणि ३० ग्रॅमच्या २ शेंगदाणा चिक्क्या. धावताना ४०० मिली ओआरएस.

६-७ किमीला पोट फुगतं, ढेकर, मळमळ. १० ला पोटऱ्यांत गोळे. मीठ वाढवू, की सरळ एनर्जी जेलवर जाऊ?

हिशेबी_पेडल

मीठ आणि जेल दोन्ही बाजूला ठेव, आधी बेरीज करू.

१०० ग्रॅम गुळातून साधारण ९० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). ४ छोटे खजूर म्हणजे २४. दोन चिक्क्यांतून ३२ च्या आसपास. एकूण १४६. ३ तास २५ मिनिटांनी भागलं की तासाला ४३ ग्रॅम. अडीच तासांच्या वरच्या श्रमाला ६० तरी हवेत, आतडं सरावलेलं असेल तर ९० पर्यंत जाता येतं. म्हणजे एकूणच कमी पडतंय. पण खरी गोची वाटपात आहे. जाताना १ तास ४० मिनिटांत फक्त ४५ ग्रॅम, म्हणजे तासाला २७. परतताना १०१, म्हणजे तासाला ५८, आणि वर चिक्कीतून १६-१७ ग्रॅम फॅट. फॅट पोटातून पुढं सरकायला वेळ घेतं. तू सायकल स्टँडला लावतोस तेव्हा चिक्की अजून पोटात बसलेली असते आणि धावायला लागलास की ती हिंदकळते. त्यात पाणीही नीट शोषलं जात नाही. म्हणून पोट भरलेलं आणि अंग कोरडं, दोन्ही एकाच वेळी.

घाम: वजन २.८ किलो उतरलं, प्यालास २.९ लिटर. बेरीज ५.७, भागिले पावणेपाच तास, म्हणजे तासाला १.२ लिटर. उतरलेल्या वजनात थोडं जळालेलं इंधनही असतं आणि मध्ये लघवीला गेला असशील तर तेही, तेव्हा १.१ धर. वजनाच्या जवळपास ४ टक्के तूट झाली. २-३ च्या आत राहायला हवी. तासाला ७५० ते ८५० मिली पी, पहिल्या तासापासून. घाम जाईल तेवढं सगळं भरून काढायच्या मागं लागू नको, आणि साधं पाणी ढोसून वजन वाढवून तर अजिबात येऊ नको. रक्तातलं सोडियम पातळ झालं तर ते पोट बिघडण्यापेक्षा फार वाईट.

आता एक प्रश्न. १६८ हा थ्रेशोल्ड सायकलवर काढलायस की धावून?

काकवी_आणि_किलोमीटर

वरचा हिशेब बरोबर. बाटलीचं सांगतो.

गुळाला नावं ठेवायची गरज नाही, तोही मुख्यतः साखरच. पण गाळला नाही तर तळाचा गाळ बाटलीच्या तोंडात अडकतो. रेससाठी सोपं मिश्रण: ४० ग्रॅम साखर, २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू, ७५० मिली पाणी. हे ८ टक्क्यांचं होतं, याहून घट्ट केलं की पोट कुरकुरतं. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिन सगळं ग्लुकोज. बेरीज ४० ग्लुकोज, २० फ्रुक्टोज. आतड्यात ग्लुकोजचा दरवाजा तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबतो, फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा. पुढं ७५-९० वर जायचं असेल तर दोन्ही दरवाजे लागतात, म्हणून सुरुवातीपासून मिश्रणाचीच सवय लावायची. पाव चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅम, त्यात ६०० मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम. साखर आणि मीठ दोन्ही वजनकाट्यावर मोजा, स्वयंपाकघरातले चमचे घरागणिक वेगळे.

जेलच्या जागी आपल्याकडं काकवी आहे की! गुऱ्हाळावरून आणलेली चांगली काकवी म्हणजे दोन तृतीयांश साखर, त्यातली काही आधीच ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटलेली. ३० ग्रॅम काकवीतून २० ग्रॅम कार्ब मिळतात. १५० ग्रॅम छोट्या पिळायच्या बाटलीत भरली की ५ घोट झाले. दोन अटी. काकवीच्या घोटावर साधं पाणी प्यायचं, साखरेची बाटली नाही, नाहीतर पोटात पाक होतो. आणि पाणी घालून पातळ केलेली काकवी रात्रभर ठेवायची नाही, उन्हात फसफसते. सकाळी भरा, दुपारी उरलेली टाकून द्या.

एकदम ६० वर उडी मारू नकोस. पहिल्या रविवारी ४५, मग ५०, ५५, ६०. पोटालाही सराव लागतो आणि तो लांब राइडलाच होतो. घड्याळात दर १५ मिनिटांचा गजर लाव, बाटलीवर मार्करनं ४ रेघा मार. साधारण साडेतीन तासांना ३ बाटल्या लागतात, सायकलवर जागा दोनची. तिसरीची पूड मोजून छोट्या पाऊचमध्ये भर आणि परतताना कळे गावात सीलबंद पाणी घेऊन तिथंच बाटलीत मिसळ.

चिक्की राइड संपल्यावर खा. चांगली लागते तेव्हा.

काळी_माती

पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांचं सोपं आहे राव. घाम गेला, मीठ गेलं, गोळे आले. मिठाच्या गोळ्या घ्या, दर अर्ध्या तासाला एक. ओआरएस धावताना कशाला, सायकलवरच दोन्ही बाटल्या ओआरएसच्या करा.

टँक_लेन_तीन

काळी माती, दोन्ही गोष्टींना विरोध.

मीठ कमी पडलं तर त्रास सगळ्या अंगाला व्हायला हवा. फक्त पोटऱ्याच धरत असतील, आणि त्याही ब्रिकमध्येच, तर ती बहुतेक स्नायूंची थकावट असते. पल्ल्याच्या आणि वेगाच्या मानानं पोटऱ्यांची तयारी अपुरी. तपासायची रीत साधी: गोळा आल्यावर थांबून पोटरी ताणली आणि अर्ध्या-एका मिनिटात सुटला, तर मीठ एवढ्या लवकर कुठून आलं? घामातलं सोडियम माणसागणिक खूप बदलतं हे खरं, काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर बाटलीत पाव चमचा आणखी घाला. पण दर अर्ध्या तासाला गोळी, तीही पाण्याचा हिशेब न ठेवता, यानं मळमळच वाढेल. ब्लड प्रेशरचा त्रास असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावं.

ओआरएस जुलाबासाठी आहे. लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. दोन्ही बाटल्या त्याच्या केल्या तर मीठ भरपूर आणि इंधन शून्याजवळ.

पोटऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा: पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १२ चे ३ संच, गुडघा किंचित वाकवून १२ चे ३. खाली येताना ३ सेकंद. जमू लागलं की पाठीवर सॅक, ५ किलोपासून. शिवाय सायकलवर कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) बघ. जड गिअर टाकून ६५-७० नं ओढत असशील तर पाय तिथंच संपतात. सपाटीवर ८५-९० ठेव.

रंकाळा_चक्कर

हिशेबी दादा, बरोबर पकडलंत. १६८ धावूनच काढलेला. विद्यापीठात ३० मिनिटं जोरात धावून शेवटच्या २० मिनिटांची सरासरी घेतली होती. सायकलला तोच लावला. कॅडेन्स ७२ आहे, ताई. काळ्या टी-शर्टवर पट्टे येत नाहीत.

अजून एक विचारतो. राइडनंतर तालमीतल्यासारखी थंडाई किंवा दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध घेतलं तर रिकव्हरीला चालेल का? आणि गोव्याच्या दमटपणाचं काय करायचं?

हिशेबी_पेडल

मग उत्तर मिळालं. सायकलवरचा थ्रेशोल्ड धावेपेक्षा बहुतेकांचा ५ ते १० ठोक्यांनी कमी असतो. तुझा १६० धरला तर १५० म्हणजे ९४ टक्के. तू ज्याला झोन २ समजतोयस ते थ्रेशोल्डच्या दारात बसणं आहे. एवढ्या जोरावर रक्त पायांकडं आणि कातडीकडं धावतं, पोटाच्या वाट्याला उरतं ते थोडं. मग बाटलीत अमृत घातलंस तरी ते तिथंच पडून राहणार. नुसतं खाणं सुधारून हा त्रास जाणार नाही.

सायकलवर वेगळी टेस्ट कर. घरात ट्रेनर (सायकल एका जागी चालवायचा स्टँड) असेल तर उत्तम. नसेल तर सिग्नल नसलेला सपाट रस्ता, भल्या सकाळी. पन्हाळ्याचा चढ मोह पाडतो पण सलग ३० मिनिटांचा नाही, त्यामुळं आकडा फसवा येतो. १५ मिनिटं वॉर्म-अप, मग ३० मिनिटं एकट्यानं सारख्या जोरात, १० व्या मिनिटाला लॅपचं बटण दाब, पुढच्या २० ची सरासरी हा तुझा आकडा. समजा १६० आला, तर हाफसाठी १३६ ते १४४ च्या पट्ट्यात राहायचं आणि पहिली २० मिनिटं तर खालच्या टोकाला. उन्हं चढली की त्याच जोराला ठोके ५-७ नं वर सरकतात, तेव्हा आकडा पाळायचा, वेग सोडायचा. ९० किमीला ८-१० मिनिटं जास्त लागतील. धावताना तू चालत नाहीस एवढ्यानंच ती वसूल होतात. हाफची एकूण मुदत साधारण साडेआठ तास असते, तुला घाई नाही.

शेवटच्या २० मिनिटांत सायकलवर घन काही नाही, फक्त पाण्याचे घोट. धावताना तासाला ३०-४० ग्रॅम पुरे, दर २ किमीला थोडं थोडं.

टँक_लेन_तीन

थंडाईचं. पैलवानाचं गणित वेगळं, त्याला वजन टिकवायचंय आणि दिवसभर तालमीत घालवायचाय. बदाम, खसखस, म्हशीचं दूध म्हणजे प्रोटीनपेक्षा फॅट जास्त. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातच ३०-३५ ग्रॅम फॅट जातं, ढवळलेल्या पोटावर ते बसत नाही. संध्याकाळी जरूर घ्या. धारोष्ण मात्र नको, उकळूनच. कच्च्या दुधातून पोटाचं इन्फेक्शन झालं तर आठवड्याची ट्रेनिंग गेली.

राइडनंतर तासाभरात: ४०० मिली गाईचं दूध, त्यात ३० ग्रॅम स्किम मिल्क पावडर, २ केळी. प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास (७२ किलोला एका वेळी एवढंच पुरतं), कार्ब ८५ च्या घरात. दोन तासांनी भात, आमटी, अंडी किंवा मटकीची उसळ. दिवसाचं प्रोटीन ११० ते १२० ग्रॅम आणि ते चार जेवणांत वाटून. रात्री एकदम मटणावर ताव मारून भरपाई होत नाही. तूट २ किलोची असेल तर पुढच्या ४ तासांत ३ लिटर, जेवणातल्या मिठासकट. सोमवारी धाव नको, टँकमध्ये हळूहळू १००० मीटर.

आदल्या रात्री तांबडा रस्सा, कट मारलेली मिसळ, कडधान्यं, कच्ची काकडी बंद. तिखट-तेल-तंतू तिन्ही सकाळी हिशेब मागतात. भात, पांढरा ब्रेड, बटाटा, दही. पहाटेच्या केळ्यांबरोबर बदाम आणि दूध काढून जॅम-ब्रेडचे ३ स्लाइस घाल आणि ५ ऐवजी सव्वाचारला खा.

काकवी_आणि_किलोमीटर

दमटपणा: रेसच्या आधी तीन आठवडे सुरू करून १०-१२ दिवस, रोज तासभर, हळू. सकाळी ११ ची धाव, किंवा ट्रेनरवर पंखा बंद करून खिडक्या लावून. पाणी जवळ, घरात कुणीतरी असावं, चक्कर किंवा अंगावर काटा आला की लगेच थांबायचं. त्या दिवसांत जोराचे इंटरव्हल नकोत. नंतर टेपरमध्ये (रेसआधी सराव कमी करायचे दिवस) दर तीन दिवसांनी एकदा केलं तरी सवय टिकते. टेपर दोन आठवडे: तास निम्म्यावर आणायचे, पण आठवड्यातले दिवस आणि छोटे जोराचे तुकडे तसेच ठेवायचे.

येत्या रविवारी एकदम सगळं बदलू नकोस. बाटलीत ४५ ग्रॅम, हार्ट रेट १४० च्या खाली, चिक्की घरी. धाव ८ किमीच. आकडे इथं टाक, मग पुढचं बघू.