प्रतिसाद: पन्हाळ्यावर न्यायला कुठला मीडियम फॉरमॅट?

मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, आणि त्यातही पेंटॅक्स ६७ घेऊन पन्हाळा चढायचा म्हणतोस? थांब जरा, भावा. लेन्ससकट दोन किलोच्या वर जातो तो, आणि फोटो काढताना आतला आरसा असा आपटतो की १/३० सेकंदाला हातात धरलास तर फोटो हलायची भीती. त्यापेक्षा यशिका मॅट १२४जी हा दोन लेन्सचा कॅमेरा बघ. त्यातला आरसा जागचा हलत नाही, लीफ शटर (लेन्समधलं बारीक पात्यांचं झाकण) नुसतं टिचकन वाजतं. १२० नंबरच्या फिल्म रोलवर ६×६ सेंमीचे १२ फोटो. पोटाशी धरून खाली बघायचं, त्यामुळे तिथल्या जवळच्या जोतिबाच्या यात्रेत माणसं बावरत नाहीत. डावं-उजवं उलटं दिसतं, होते सवय.

घडीचा आगफा आयसोलेट कॅमेरा जाकिटाच्या खिशात मावतो खरा, पण घेण्याआधी अंधारात आतून टॉर्च लावून भात्याचे (लेन्समागच्या घडीच्या पडद्याचे) कोपरे तपास, भोकं तिथंच पडतात. आणि जोतिबाच्या चैत्रातल्या गुलालात भाता उघडायचा? मी तरी नाही उघडणार.