चिखलदऱ्याची ट्रिप: हळू गाडी कुठं ठेवायची?

दादा
मंडळी, चिखलदऱ्याचं आज ठरवून टाकू. दरवर्षी पोळा येईपर्यंत नुसतं बोलणंच चालते. सहा गाड्या होतात. अंजनगावहून सकाळी निघायचं, पथ्रोट, परतवाडा, मग धामणगाव गढीचा घाट. वर पोचलो की चहा, आणि सरळ गाविलगडचा किल्ला. बाकी पॉइंट वेळ उरला तर. मुक्काम नाही. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर, एका दिवसात आरामात होते. ज्याचं जे म्हणणं असेल ते इथंच लिहा.

छोटू
रविवार फायनल करा दादा. मी तयार.

आत्या
रविवारी नको रे बाप्पा. श्रावणातल्या रविवारी अर्धं अमरावती अन् अर्धं अकोला तठीच लोटते. आम्ही चारचाकीनं गेलो होतो त देवी पॉइंटच्या किती तरी अलीकडं गाड्यायची रांग. धड दर्शन नाई, धड धबधबा नाई. अन् मी त म्हणतो गाडीवर जाऊच नका. घाटात पाऊस, धुकं, वरून पोट्ट्यायले जोर चढते.

जावईबापू, नागपूर
माझी एक सूचना होती. किल्ल्यावरच तंबू ठोकून एक रात्र काढली तर? सकाळचं धुकं पाहायला मिळेल.

ताई
भाऊजी, ते जमणार नाही. गाविलगड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत जायचं आणि उजेड असेपर्यंत बाहेर यायचं. वाघ सहसा माणसाला टाळतो, पायी चालणाऱ्याला खरी भीती अस्वलाची. त्याला दिसतं कमी, ऐकूही कमी येतं. आपण अचानक समोर गेलो की ते बिथरून अंगावरच येतं. म्हणून झाडीतून जाताना आपसात बोलत चालायचं, पण आरडाओरडा नको. आणि दोघं-तिघं फुटून वेगळ्या वाटेनं जाणं तर अजिबात नको.

जावईबापू, नागपूर
मग तंबू रद्द. सांगितलंत ते बरं केलं.

काकाजी
पोट्टेहो, रविवार नाई, बुधवार घ्या. फवारणी आटोपली की मधल्या वारी जा, घाट मोकळा भेटते. माही अर्धी नोकरी परतवाडा डेपोची गाडी घेऊन त्याच घाटात गेली, त आता जे सांगतो ते नीट वाचा.

गाडी ज्या गिअरनं चढते त्याच गिअरनं उतरवाची. दुसरा, फार त तिसरा. इंजीनच गाडीले धरून ठेवते, ब्रेकले काम कमी पडते. पेट्रोल वाचवाले कोणी न्यूट्रल करून उतरन, नाई त चावी बंद करून, त त्याले मी पुढं कोणासंगंच पाठवणार नाई. साऱ्या उतारात ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापते, अन् तापलेलं लायनर धरत नाई. पाय दाबत राह्यते अन् गाडी निंघत राह्यते. एसटीचा ड्रम केवढा मोठा, तोही तापते. मोटारसायकलचा त लहानसाच, तो लवकर तापते.

चढून येणाऱ्या गाडीले पहिले वाट द्याची, तो नियमच हाय. वळणावर हॉर्न. धुक्यात लाइट खाली ठेवा. वरचा मारला त पुढं सारं पांढरं होते, रस्ताच दिसत नाई. थांबाचं काम पडलं त वळणावर नाई, रस्त्याच्या बाहेर जागा पाहूनच.

पेट्रोल परतवाड्यालेच भरून घ्या.

छोटू
हो काकाजी. ताई स्कूटीवर येणार का?

ताई
नाही, बाबांची गाडी घेते.

काकाजी
हाव, स्कूटी नकोच. तिले गिअर नाई, उतारावर इंजीन म्हणावं तसं धरत नाई. सारा भार ब्रेकवरच येते.

आत्या
पोरीनं घाटात गाडी चालवाची? दादाच्या मागं बसू दे तिले. उगी कशाले जिवाले घोर.

ताई
आत्या, मी रोज शाळेत गाडीनंच जाते, पावसातही जाते. घाट माझ्यासाठी नवा आहे, गाडी नवी नाही. मागं बसून मी येणार नाही. चालवता येत असताना बसून जाणं मला पटत नाही.

मोठीआई
चालवू दे तिले. तिचे हात स्थिर हायेत, मी पाह्यलं. फक्त ओढणी घरी ठेवजो बाई. आपल्याच गल्लीतल्या सुनेचा पदर मागच्या चाकात गेला होता. वेटाळत वेटाळत चेनीपर्यंत गेला, अन् ती बाई मागच्या मागं रस्त्यावर पडली. डोक्शाले टाके पडले. पदर, ओढणी, दुपट्टा, बॅगेचे लोंबणारे बंद, सारं निंघाच्या पहिले खोसून घ्या. अन् हेल्मेट चालवणाऱ्यालेही, मागच्यालेही.

दादा
मोठीआई बरोबर बोलली. रेनकोटही पॅन्ट-शर्टाचाच घ्या सगळ्यांनी. पोंचो वाऱ्यानं फडफडून वर येतो, चाकात जातो. आणि वर आपल्यापेक्षा चार-पाच डिग्री थंड असते. ओल्या कपड्यांनी उतरताना बोटं आखडतात, मग ब्रेक दाबायला जड जाते. कोरडा शर्ट पिशवीत पाहिजेच.

छोटू
ताई शेवटी राहील मग. आम्ही वर जाऊन थांबतो, ती हळूहळू येईल.

काकाजी
नाई. इथंच ट्रिपा बिघडतात. हळू गाडी शेवटी ठेवली की तिच्यावर काय येते ते समजून घे.

पुढचा 40 नं चालला. वळण आलं, तो 25 वर आला. वळण संपलं की त्यानं पुन्हा 40 केली. दुसरा अजून वळणातच हाय, त्याचं अंतर वाढलं. ते भरून काढाले तो 45 करते. तिसरा 50. शेवटच्याले त्याच्याही वर पळा लागते, फक्त समोरची गाडी दिसावी म्हणून. म्हणजे ज्याले घाट नवा, तोच सर्वात जोरात पळते, तेही एकटा. अन् तो घसरला त पुढच्यायले वर जाऊन चहा पेईपर्यंत मालूम होत नाई.

म्हणून पहिला दादा, त्याले घाट पाठ हाय. त्याच्या लगेच मागं ताई. दादानं आरशात ताईले पाह्याचं अन् तिच्या चालीनं चालाचं. तिच्या मागं बाकी सारे. अन् शेवटी जो सर्वात पक्का चालवते तो. छोटू, शेवटी तू.

छोटू
मी शेवटी? काकाजी, माझी गाडी 200 सीसीची आहे. 25-30 नं घाट चढायचा म्हणजे सारखी हाफ क्लच. क्लचप्लेट जाते.

काकाजी
हाफ क्लच कधी लागते? पुढच्याच्या चाकाले चिकटला त. अंतर ठेव, दुसऱ्या गिअरमधी राह्य, क्लच पूर्ण सोडून दे. पुढची गाडी वळणात अडली त तुले तिथपर्यंत पोचाले वेळ पाह्यजे, तेवढं अंतर. गाडी आपोआप रांगते, क्लचले हात लावा लागत नाई. 200 सीसी शेवटी पाह्यजेच, कारण मागं कोणी राह्यलं त परत जाऊन पाह्याची ताकद तिच्यात हाय. पंक्चरचं सामान, पाना, क्लचची जास्तीची तार अन् दवाईचा डब्बा तुह्यापाशी राहीन. शेवटचा माणूस म्हणजे साऱ्यायचा जीव त्याच्या हवाली. तुले पक्का चालवणारा समजतो म्हणून तठी ठेवून राह्यलो.

छोटू
असं असेल तर राहतो शेवटी.

ताई
माझं एक मनातलं सांगू का काकाजी? पुढं राहिलं की सगळे मागून पाहतात, त्याचंही दडपण येते. आपल्यामुळं सगळे अडले असं वाटत राहते, मग माणूस जमत नसतानाही रेस देते.

काकाजी
खरं हाय तुहं. म्हणून पहिली नाई ठेवली, दुसरी ठेवली. तुले फक्त दादाचा लाल लाइट पाह्याचा. मागं कोण हाय ते तुहं कामच नाई. अन् मागच्यायनं हॉर्न मारला त मले सांगजो, त्याच्या घरी जाऊन बोलीन.

अजून एक. फाट्यावर दादानं थांबाचं, शेवटची गाडी दिसल्याबिगर हलाचं नाई. अन् बाकीच्यायनं आपल्या मागची गाडी आरशात पाह्याची. नाई दिसली त हळू करा, तरी नाई दिसली त जागा पाहून थांबा. घाटात फोनच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

आत्या
एवढं सारं करून जाणार असान त माह्या पोराले पाठवतो. ताईच्या मागं बसन तो.

काकाजी
ताईच्या मागं कोणी नाई. नवा घाट अन् मागं वजन, दोन्ही एका दिवशी नको. वजन असलं की चढावर पुढचं चाक हलकं होते, उतारावर मागचा माणूस पुढं सरकते. पोरगं दादाच्या मागं बसन.

छोटू
किल्ल्यात नेमकं पाहायचं काय पण? माझा मित्र म्हणे नुसते पडके दगड आहेत.

ताई
छोटू, हे नीट वाच.

किल्ला बहमनी सुलतान अहमदशाहनं 1425 च्या सुमारास बांधला. त्याच्या आधी तिथं गवळ्यांची मातीची गढी होती असं सांगतात. पण मला तुम्हाला दाखवायचं आहे ते 1803 सालचं. 29 नोव्हेंबरला आपल्या आडगावच्या शिवारात इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांची लढाई झाली. ती हरल्यावर भोसल्यांची बरीच फौज गाविलगडावर आली. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या बाजूनं, किल्ल्याला सरळ कडा आहे. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली त्या बाजूला राहिला आणि त्याचा जोडीदार अधिकारी स्टिव्हन्सननं अवजड तोफा मेळघाटच्या डोंगरातून ओढत फिरवून उत्तरेला नेल्या, कारण जमिनीची धार फक्त तिकडून किल्ल्याला भिडते. गाड्यांना वाट नव्हती, ती करत करत नेल्या. भिंतीला खिंडार पडलं आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आपलं गाव त्याच मुलखातलं.

दगड पडके आहेत, खरं आहे. पण उत्तरेच्या तटावर उभं राहिलं की त्या तोफा कुठून आल्या असतील ते डोळ्यांनी दिसते. दिल्ली दरवाजावर पंजात हत्ती धरलेले प्राणी कोरले आहेत, ते खालून वर मान करून पाहा. छिन्नीची रेघ अजून शाबूत आहे. आत मोठी मशीद आहे, तोफा आहेत, तलाव आहेत. अर्धा दिवस सहज लागतो. फोटो काढून तासाभरात फिरायचं असेल तर मला आधीच सांगा, मी येणार नाही.

छोटू
नाही ताई, पूर्ण पाहू. आडगावचं मला माहीतच नव्हतं.

मोठीआई
भीमकुंडही दाखवजो लेकरायले. भीमानं कीचकाले मारलं अन् तठी हात धुतले, असं माही सासू सांगे. तठचं वैराट म्हणजेच विराटाची नगरी.

जावईबापू, नागपूर
माझा गुडघा थोडा कुरकुरतो. किल्ल्यात मी मागून सावकाश येईन, तुम्ही पुढं चला.

दादा
भाऊजी, गाडीला जो नियम तोच पायी. तुम्ही माझ्या मागं दुसरे. तुम्ही थांबलात की सगळे थांबतील. आता गवत कमरेएवढं असते, पायवाट दिसत नाही. तीस पावलं मागं राहिलेला माणूस दिसेनासा होतो. काठी घ्या, गवतात आधी काठी मग पाय. बूट सगळ्यांना, चप्पल कोणीच नाही. तटाच्या कडेला शेवाळ असते, तिथं उभं राहून फोटो नको.

ताई
आणि आग्या मोहोळ. कड्याला आणि जुन्या कमानींना असते. सेंट, अत्तर लावून येऊ नका. बिडी-सिगारेट, धूर, दगड मारणं काहीच नको. एक माशी चावली की तिच्या वासानं बाकीच्या येतात. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता उचलून दवाखान्यात. 108 चा नंबर सगळ्यांना पाठ आहेच.

आत्या
जेवाचं काय?

मोठीआई
कळण्याच्या भाकरी, ठेचा, जवसाची चटणी अन् कांदे. मी पहाटे उठून करतो, सून हाय संगं. वानरं लय हायेत तठी, हातातून घेऊन जातात. डब्बा उघडा ठेवू नका अन् त्यायले खाऊही घालू नका, सवय लागते. पन्न्या साऱ्या परत आणा. येतानी मोथा गावचा खवा आणजा दोन किलो, महालक्ष्म्यायले कामी येईन.

काकाजी
मंगळवारी दिवस असतानी साऱ्या गाड्या माह्या अंगणात लावजा. मी सोता पाहीन. चेन ढिली हाय का, मागचं लायनर किती राह्यलं, टायरची नक्षी, हवा, दोन्ही लाइट. जिचं काम निंघालं ती गाडी दुरुस्त झाल्याबिगर जाणार नाई. त्या गाडीचा माणूस दुसऱ्याच्या मागं बसन.

छोटू
मी शनिवारीच लायनर बदलून घेतो. पंक्चरचं सामानही मीच आणतो.

दादा
मग पक्कं. पुढचा बुधवार. सकाळी सहाला काकाजींच्या घरासमोरून. क्रम: मी, ताई, मग बाकी तीन गाड्या, शेवटी छोटू. तीन वाजता किल्ला सोडायचा, मग कोणाचं काहीही पाहायचं राहो. उजेडात धामणगाव गढी गाठायची आणि तिथून आत्याला फोन करायचा. हवामान खात्यानं मंगळवारी जोरदार पावसाचा इशारा दिला तर ट्रिप त्याच्या पुढच्या बुधवारी जाईल.