मदत हवी आहे: लॅबमधला एक्सपीचा कॉम्प्युटर बदलायचाय, उपकरणं मात्र तीच राहणार

फतेगंजकर

बडोद्यात विद्यापीठाच्या लॅबमध्ये एक पेंटियम ४ आहे. ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २. त्याला जोडलेल्या वस्तू अशा:

कॉम १ (सीरियल) पोर्टावर यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना कोणता प्रकाश किती शोषतो ते मोजणारं). त्याच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची चावी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या २५ पिनी पोर्टावर. पीसीआय स्लॉटमध्ये जीपीआयबी कार्ड (लॅबची उपकरणं कॉम्प्युटरला जोडण्याची जुनी पद्धत), त्यावर सोर्समीटर (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं) आणि तापमान कंट्रोलर. हे दोन्ही लॅबव्ह्यूत (उपकरणं चालवणारे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) बनवलेल्या एका ईएक्सईवर, म्हणजे तयार प्रोग्राम फाइलवर, चालतात. त्या प्रोग्रामचा मूळ सोर्स कुणाकडेही नाही.

लक्षणं: रोज सकाळी तारीख २००२ची दिसते आणि एफ१ दाबल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. गेल्या आठवड्यापासून डिस्क मधूनच टक्-टक् करते. विंडोज उघडायला दहा मिनिटं लागतात.

नवीन मशीन आलंय: आय५, १६ जीबी रॅम, विंडोज ११. त्याला सीरियल पोर्ट नाही, पीसीआय स्लॉट नाही. जुन्या सॉफ्टवेअरची एकच सीडी आहे, तीही ओरखडलेली. किरकोळ सामानासाठी अंदाजे २०,००० रुपये मिळू शकतात (जीपीआयबीचं यूएसबी अडॅप्टर यात धरलेलं नाही, ते वेगळ्या हेडमधून होईल).

प्रोग्रामचा फोल्डर नुसता कॉपी करून नव्यावर टाकला तर चालेल का? नाहीतर काय करावं? दोघांचं पीएचडीचं मोजमाप अडलंय.

सोल्डरसम्राट

आधी ते मशीन बंद करा आणि डिस्क बाहेर काढेपर्यंत पुन्हा चालू करू नका. टक्-टक् म्हणजे हेड वाचायला जातंय आणि रिकाम्या हाताने परत येतंय. प्रत्येक बूटला एक्सपी त्या डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहितं.

फोल्डर कॉपी करून भागणार नाही. रजिस्ट्रीतल्या नोंदी, विंडोजच्या सिस्टम फोल्डरमधल्या डीएलएल, डोंगलचा ड्रायव्हर, आयएनआय फाइलमधलं कॅलिब्रेशन, सगळं मागे राहतं. अख्ख्या डिस्कची सेक्टर-सेक्टर इमेज, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, काढायची.

आयडीई-ते-यूएसबी अडॅप्टर घ्या. त्यासोबत चार पिनांचा १२ व्होल्ट/५ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा येतो, तोच हवा. ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्कच्या पाठीमागचा जंपर 'मास्टर'वर करा. 'केबल सिलेक्ट'वर असला तर बरीच अडॅप्टरं तिला ओळखतच नाहीत, आणि लोक डिस्क मेली असं समजून मोकळे होतात.

दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम) वापरा. पहिली फेरी 'नो स्क्रेप' पर्यायाने, म्हणजे चांगला भाग आधी हाती येतो आणि खराब जागी ती अडून बसत नाही. मग दुसरी फेरी तीन रिट्रायची. मॅपफाइल (कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका. तिच्याशिवाय मधे वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. डिस्क धड असेल तर ४० जीबीला अर्धा-पाऊण तास. खराब सेक्टर असतील तर रात्रसुद्धा पुरत नाही.

विंडोजच्या मशीनला ती डिस्क लावूच नका. ते चेकडिस्क सुचवेल, आणि चेकडिस्क मूळ डिस्कवरच दुरुस्त्या लिहितं.

तारीख २००२ होते ती मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीमुळे. शंभराच्या आत येते. पण तिच्यासोबत बायोसची सेटिंगंही रोज मूळपदावर जातात. तुमच्या डोंगलचा पोर्ट ३७८ या पत्त्यावर आणि कॉम १ ३एफ८ या पत्त्यावर ठेवलेला असेल तर तोही कधीतरी हलेल. बॅटरी बदलल्यावर बायोसची पानं एकेक करून मोबाइलवर टिपून ठेवा.

अर्धवाहक

वरचं सगळं बरोबर. पण 'कॉम्प्युटर बदलायचा' हा विचारच जरा बाजूला ठेवा. तुमच्याकडे तीन वेगळी लफडी आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

जीपीआयबी सगळ्यात सोपं. पीसीआय कार्ड विसरा, यूएसबीचं जीपीआयबी अडॅप्टर घ्या. नामांकित कंपनीचं नवं महाग पडतं, म्हणून स्वस्त नकलांचा मोह होतो. एकाच उपकरणाशी संथपणे बोलायचं असेल तर नक्कल चालून जाते, पण तुमचा ईएक्सई मूळ कंपनीच्या ड्रायव्हरला हाक मारतो. नकलेला ती हाक कळेलच असं नाही. केबलची मर्यादा जुनीच: उपकरणामागे दोन मीटर, एकूण २० मीटर, कंट्रोलर धरून १५ उपकरणं. सोर्समीटरचा पत्ता पुढच्या पॅनलवर बघून लिहून घ्या. तो ० ते ३०मधला आकडा असतो आणि तुमच्या प्रोग्राममध्ये तोच ठोकून बसवलेला असणार.

ईएक्सई विंडोज ११वर थेट चालवण्यात वेळ घालवू नका. त्या काळचे सेटअप प्रोग्राम बऱ्याचदा १६ बिटचे असत आणि ६४ बिटचं विंडोज ते उघडत नाही. विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. काढलेली इमेज व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) चालवा.

सीरियल पोर्टाचं काम मध्यम अवघड. एफटीडीआय चिपची यूएसबी-सीरियल केबल घ्या. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त केबलींत प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपा असतात. नव्या विंडोजचा ड्रायव्हर त्या ओळखून कोड १० दाखवतो आणि काम बंद. सयाजीगंजात विचारताना 'यूएसबी टू सीरियल द्या' म्हणू नका, चिपचं नाव घ्या.

डोंगल हा खरा काटा. यूएसबी-ते-प्रिंटर केबल फक्त प्रिंटरच समजते, डोंगलशी बोलत नाही. पीसीआय एक्सप्रेसचं प्रिंटर पोर्ट कार्ड लावलं तर त्याचा पत्ता ३७८ नसतो, आणि त्या काळचे डोंगल ड्रायव्हर ३७८ किंवा २७८ सोडून कुठे बघत नाहीत. उपकरणाच्या कंपनीकडे सीरियल नंबर देऊन यूएसबी डोंगलची अदलाबदल मागा.

कारेलीबाग

व्हर्च्युअल मशीनला माझा विरोध. मोजमाप करणारी यंत्रं थेट मशीनवरच असावीत, मधे आणखी एक थर कशाला? जुन्या बोर्डावर एसएसडी बसवा आणि आणखी पाच वर्षं चालवा.

अर्धवाहक

@कारेलीबाग, स्पेक्ट्रोफोटोमीटरपुरतं तुमचं म्हणणं मान्य, कारण डोंगल. डोंगल बदलून मिळेपर्यंत ते पेंटियम ४वरच ठेवावं: आयडीई-ते-साटा अडॅप्टर, १२० जीबी एसएसडी (सर्व्हिस पॅक १च्या आधीच्या एक्सपीला आणि जुन्या बायोसला १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, म्हणून मोठी घेऊ नका), नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), आणि बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी तपासायची. फुगलेली किंवा वरून तपकिरी चिकट झालेली दिसली तर तो बोर्ड पाच वर्षं नाही, पाच महिनेसुद्धा देणार नाही. सोर्समीटर मात्र नव्या मशीनवर. दोन्ही उपकरणं एकाच म्हाताऱ्या मशीनच्या गळ्यात बांधण्याची गरजच नाही.

फतेगंजकर

मनःपूर्वक आभार. इमेज निघाली, ९९.९८ टक्के. व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॉ इमेज व्हीडीआयमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क फाइलीत) बदलून लावली. एक्सपीचा लोगो येतो आणि लगेच निळा पडदा, शेवटी ७बी. शिवाय खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसतं. ते काय?

सोल्डरसम्राट

७बी म्हणजे एक्सपीला बूट डिस्कचा कंट्रोलर ओळखता येत नाही. जुन्या बोर्डाचा चिपसेट वेगळा होता, व्हर्च्युअलबॉक्स वेगळा दाखवतंय. डिस्क साटावर लावली असेल तर आयडीईवर आणा आणि कंट्रोलरचा प्रकार पीआयआयएक्स४ निवडा. तरीही तसंच राहिलं तर रजिस्ट्रीत आयडीईच्या सर्वसाधारण ड्रायव्हरच्या नोंदी घालाव्या लागतात, 'मर्ज आयडीई' नावाने त्या फाइली मिळतात. इमेजची एक प्रत बाजूला ठेवूनच हे करा. लोगोवरच गोठलं, निळा पडदा नाही, तर आयओ-एपीआयसीचा खूण-चौकोन उलटा करून बघा.

हिरवं कासव म्हणजे विंडोज ११चं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) किंवा 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवरून चालावं लागतंय. चालतं, पण हळू. एक्सपीला एक कोअर आणि १ जीबी रॅम भरपूर. नेटवर्क कार्ड काढून टाका. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, त्याला कॅम्पसच्या नेटवर्कवर सोडायचं नाही.

यंत्रसामग्री बदललेली बघून एक्सपी तीन दिवसांत अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतं. संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्सवाल्या प्रतीला ते विचारत नाही. तुमची कोणती आहे ते चालू होताच बघा.

फतेगंजकर

बूट झालं! सोर्समीटर जीपीआयबीवर बोलतोय, ओळख विचारली की मॉडेलचं नाव परत देतो. दरम्यान जुन्या मशीनचा सीरियल पोर्टच मेला, म्हणून डोंगल तिथेच ठेवून सीरियलपुरती एफटीडीआय केबल त्याच जुन्या मशीनच्या एक्सपीला लावली. तर स्पेक्ट्रोफोटोमीटरकडून चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. अधूनमधून काहीच येत नाही.

अर्धवाहक

आधी केबल निर्दोष ठरवा. उपकरणाकडचं टोक सोडवा, नऊ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ या पिना कागदाच्या क्लिपेने जोडा आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत उमटलं तर केबल, चिप, ड्रायव्हर तिन्ही ठीक. क्लिप काढली की उमटणं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर टर्मिनलचं 'लोकल एको' चालू आहे आणि तुम्ही स्वतःलाच फसवताय.

चौकोन-प्रश्नचिन्हं म्हणजे बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) जुळत नाही. बरीच जुनी उपकरणं ९६०० बॉड पण ७ बिट, ईव्हन पॅरिटी अशी असतात, आणि टर्मिनल ८ बिट, पॅरिटी नाही असं धरून चालतो. उपकरणाच्या मेनूत खरा आकडा असतो.

अधूनमधून काहीच न येणं हे बहुधा हँडशेकचं, म्हणजे पाठवण्याआधी दोन्ही टोकांनी एकमेकांना विचारण्याचं. मूळ केबलमध्ये ७ आणि ८ या पिना जोडलेल्या आहेत का ते मल्टिमीटरने बघा. बाजारातल्या तीन तारांच्या केबलीत फक्त २, ३, ५ असतात. मग उपकरण 'पाठवू का?' विचारत बसतं आणि उत्तर देणारी तारच नसते.

डिव्हाइस मॅनेजरात पोर्टाचा नंबर कॉम १ करा, कारण जुनी सॉफ्टवेअरं कॉम ४च्या पुढे बघत नाहीत. तिथेच एफटीडीआयचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे द्यायला चिप किती थांबते तो वेळ) १६ मिलिसेकंदांवरून १वर आणा.

आणि पोर्ट का मेला याचा विचार करा. मशीन एका भिंतीच्या प्लगवर, उपकरण दुसऱ्या, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक सीरियलच्या ५ नंबरच्या तारेतून वाहतो. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन्ही प्लगांवर मोजा. दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोन्ही एकाच युपीएसवर, एकाच पट्टीवर ठेवा.

कारेलीबाग

नव्या मशीनवर दोन गोष्टी आताच करा. झोप आणि यूएसबीचा 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' दोन्ही बंद. नाहीतर रात्रभराच्या तापमान-फेरीत विंडोज यूएसबी अडॅप्टर झोपवतं आणि सकाळी २० केल्विनवर तुटलेली फाइल मिळते. अपडेटच्या रीस्टार्टसाठी 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' १८ तासांपर्यंतच वाढवता येतात, म्हणून लांबच्या मोजमापाआधी अपडेट 'पॉज' करा.

आणि टॉवर टेबलावर. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यांत शिरलं होतं, फरशीवर मशीन ठेवण्याची सवय आता सोडा.

फतेगंजकर

७ बिट, ईव्हन होतं. बोलतंय! जुन्या-नव्याची जुळवणी कशाने करू?

अर्धवाहक

केबल बदलल्याने प्रकाशमार्ग बदलत नाही, पण कॅलिब्रेशनची फाइल बरोबर आली का हे कळायला हवं. होल्मियम ऑक्साइडचं पर्क्लोरिक आम्लातलं द्रावण लावा: २४१.१, २८७.१, ३६१.३, ५३६.६ नॅनोमीटरला शिखरं यायला हवीत. जुन्या मशीनवर घेतलेला त्याच क्युव्हेटचा (द्रावणाच्या पारदर्शक कुपीचा) स्पेक्ट्रम असेल तर त्यावर ठेवून बघा. सोर्समीटरला १ किलोओहमचा ०.१ टक्क्याचा रेझिस्टर, १ व्होल्ट द्या, १ मिलिअँपिअर यायला हवा. आकडा भलताच आला तर चार-तारांची आणि दोन-तारांची सेटिंग बदललेली नाही ना ते बघा.

जुन्या सॉफ्टवेअरच्या बंदिस्त फाइली त्याच सॉफ्टवेअरमधून साध्या टेक्स्टमध्ये काढून घ्या, डोंगल जिवंत आहे तोवर.

सोल्डरसम्राट

मूळ डिस्क लेबल लावून, अँटिस्टॅटिक पिशवीत कपाटात. इमेजच्या दोन प्रती, एक दुसऱ्या इमारतीत. आणि जुनं मशीन पूर्ण निवृत्त होईल तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमधली (संस्थेच्या वस्तूंच्या वहीतली) नोंद राइट-ऑफ होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं, डिस्क काढून घेऊन.

फतेगंजकर

शिखरं ०.३ नॅनोमीटरच्या आत जुळली. यूएसबी डोंगलसाठी सीरियल नंबरासकट मेल पाठवलाय. उत्तर आलं की याच धाग्यावर लिहितो.