ऑफसेटवाल्याने हाय-एंड डिजिटल प्रेस घ्यावी का? वापरणाऱ्यांनी सांगा

डेमी_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत आमची प्रेस आहे, वडिलांच्या वेळची. एक सिंगल कलर, एक फोर कलर ऑफसेट, कटिंग-बाइंडिंग घरचंच. पुस्तकं, शाळांची कामं, हळदवाल्यांची लेबलं, लग्नसराईत पत्रिका. आधी पुस्तक म्हटलं की हजार प्रत ठरलेली, आता प्रकाशक म्हणतो दोनशे काढा, संपली की परत बघू. दोनशेसाठी प्लेटा करायच्या, रंग जुळेपर्यंत कागद घालवायचा, यात काही उरत नाही. अशी कामं सध्या पुण्याला डिजिटलवर पाठवतोय आणि तारीख पाळता पाळता जीव जातो. आता दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली, एक टोनरवाली (पावडर शाईची) आणि एक इंडिगोवाली (एचपीची, पातळ शाईची), दोघांचे नमुने बघून डोळे दिपले पण नमुना कुणीही चांगलाच आणणार. ज्यांच्याकडे मशीन चालू आहे त्यांनी सांगा, क्लिकचं (म्हणजे छापलेल्या प्रत्येक बाजूमागे कंपनीला द्यायच्या पैशांचं) गणित कसं बसतं, सर्व्हिस कशी मिळते, पावसाळ्यात काय होतं?

नारायणपेठ
साहेब, आमच्याकडे मोठं टोनर मशीन आहे आणि त्यावर आमचा धंदा चांगला चाललाय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आधी तुमच्या पुस्तकाचंच गणित करा. १६० पानी डेमी १/८ (नेहमीच्या पुस्तकाचा आकार), दोनशे प्रती. १२x१८ इंची शीटवर दोन्ही बाजू मिळून आठ पानं, म्हणजे एका प्रतीला २० शीट, दोनशे प्रतींना ४००० शीट आणि ८००० क्लिक, आणि हे सगळं काळं. कव्हर १३x१९ वर दोन बसतात, म्हणजे रंगीत क्लिक किती, तर फक्त १००! मग पुस्तकासाठी एवढी महागडी कलर प्रेस कशाला? आतल्या पानांना ब्लॅक अँड व्हाइट प्रॉडक्शन मशीन घ्या, त्याचा क्लिक कलरच्या मानाने खूप स्वस्त असतो. कलर प्रेस परवडते ती पत्रिका, लेबल, ब्रोशर, फोटोबुक यावर, तेव्हा ते काम महिन्याला किती येतं ते बिलबुकातून काढा, अंदाजाने नको.

आणि करार नीट वाचा. ए३ ला एक क्लिक धरतात की दोन, हे पहिलं विचारा, दोन धरले तर वरचे ८००० थेट १६००० होतात. मग महिन्याचे किमान क्लिक किती बांधलेत, कॅलिब्रेशनची (रंग जुळवण्याची) पानं आणि जॅम झालेली शीट मोजतात का, ड्रम, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग), बेल्ट क्लिकमध्ये धरलेत का, दर वर्षी दर किती वाढणार. आमच्या ओळखीच्या एकाला किमान क्लिकनेच मारलं, जून ते सप्टेंबर काम नाही पण बिल येतच होतं.

अजून एक, मराठी कामात हे फार होतं. वर्डमधून किंवा कोरलमधून आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) पीडीएफ आली की काळी अक्षरं चार रंगांत फुटतात. पान दिसायला काळं, पण मोजलं जातं कलर क्लिकमध्ये, आणि रजिस्टर (रंग एकावर एक नेमके बसणं) केसभर जरी हललं तरी शिरोरेखेला रंगीत कड दिसते. रिपमध्ये (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काळा मजकूर फक्त काळ्यातच जाईल असं सेटिंग असतं ते पहिल्या दिवशी लावून घ्या आणि ऑपरेटरला प्रीफ्लाइट (छपाईआधी फाइल तपासणं) शिकवाच.

नाशिक_फोटोबुक
मी इंडिगोच्या बाजूने लिहितो. यात पावडर नाही, पातळ शाई असते, कण एक-दोन मायक्रॉनचे, त्यामुळे शाईचा थर इतका पातळ बसतो की कागदाचा पोत तसाच दिसतो, मॅट कागदावर त्वचेचे रंग बघाल तर ऑफसेटच वाटतं. १९९३ ला बेनी लांडांनी आणली तेव्हापासून मूळ कल्पना तीच, पुढे २००२ ला एचपीने कंपनी घेतली. पण यात हिशोब रंगागणिक आहे, चार रंग म्हणजे चार इम्प्रेशन. ईपीएम या जलद मोडमध्ये काळा गाळून तीन रंगांत काढता येतं, इंडिगो ७६०० मॉडेलवर चार रंगांत मिनिटाला १२० ए४ पानं निघतात ती मग १६० होतात. फोटोला चालतं, बारीक मजकुराला मी वापरत नाही. कागद प्रायमर लावलेला किंवा इंडिगोसाठीचा लागतो, बाजारातली कुठलीही रीम टाकून चालत नाही, आणि ब्लँकेट, पीआयपी हे आतले झिजणारे भाग बदलायला हात बसलेला ऑपरेटर पाहिजे. मशीन कोटीतलं आहे. रोज दोन शिफ्ट पोटभर काम असेल तरच घ्या. आणि १२x३६ चा लग्नाचा अल्बम करायचा असेल तर १३x१९ च्या मशीनवर तो बसतच नाही, तिथे लांब शीट घेणारं टोनर मशीनच लागतं.

कोकणकिनारा
पावसाचं मी सांगतो, रत्नागिरीत आहे, आमच्याएवढा दमटपणा कुणाला असेल! टोनरमध्ये फ्यूजर दीडशे अंशांच्या वर तापतो, ओला कागद त्यातून गेला की पाणी उडतं, शीट आकसते आणि वळते, मग मागची बाजू छापताना रजिस्टर जुळत नाही आणि माणसं मशीनला शिव्या देत बसतात. खोली २२-२४ अंश आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, नुसत्या एसीने भागत नाही, डीह्युमिडिफायर लागतोच. कागद आदल्या दिवशीच त्या खोलीत आणा पण रॅपर मशीनला लावतानाच फोडा. मशीनसोबत या खोलीचंही बजेट धरा, विकणारा हे सांगत नाही. लाइटचंही बघा, ऑनलाइन यूपीएस आणि चांगलं अर्थिंग.

डेमी_सांगली
मनापासून आभार. नारायणपेठ साहेब, ८००० आणि १०० चा आकडा वाचून वडिलांनाही दाखवला. रंगीत छोटी कामं बिलबुकातून काढतोय. सर्व्हिसचं मात्र राहिलं, आमच्याकडे इंजिनिअर कोल्हापूरहून येणार म्हणतात. आणि टोनरवर लॅमिनेशन सुटतं, घडीवर पांढरी रेघ येते असं ऐकलंय, ते खरं का?

नारायणपेठ
खरं आहे, पण उपाय आहे. साधी थर्मल फिल्म गडद रंगावर फुगते, डिजिटलसाठी जास्त चिकटणारी फिल्म येते ती घ्या आणि छापल्यावर शीट पूर्ण गार होऊ द्या. घडीला आधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच) मारा, मगच मोडा, आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या (तंतूंच्या) दिशेत येईल असंच शीट कापा. १७० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वर क्रीझिंगशिवाय घडी घालूच नका, गडद निळ्या-काळ्या कव्हरवर तर नाहीच नाही. आणि नमुन्यावर जाऊ नका, तुमच्याच हळदीच्या लेबलाची फाइल आणि तुमचाच कागद घेऊन डेमोला जा, सकाळी पाचशे काढा, दुपारी परत तीच पाचशे काढा आणि पिवळा शेजारी ठेवून बघा, हळदवाल्याला पहिल्यांदा तोच दिसणार आहे.

सर्व्हिसचं म्हणाल तर कोल्हापूरचा इंजिनिअर नक्की तुमच्याच मशीनवर ट्रेनिंग घेतलेला आहे का ते विचारा, आणि ड्रम-फ्यूजर कोल्हापुरात स्टॉकला असतात की मुंबईहून येतात तेही. किती तासांत माणूस येणार हे करारात लिहून घ्या. त्या भागात तेच मशीन चालवणाऱ्या दोघा-तिघांचे नंबर कंपनीकडून मागा आणि त्यांना लग्नसराईत फोन करा, तेव्हा खरं काय ते कळेल. पुण्यात येणार असाल तर मेसेज करा, आमचं मशीन चालू असताना बघून जा.