बारा-पंधरा हजारांचं ऑटोमॅटिक घड्याळ रोज घालण्यात काय अर्थ आहे?

सुदामानगरकर
भाचा इंदूरजवळ पीथमपूरच्या कारखान्यांच्या भागात नोकरीला लागला. पहिल्या पगारातून ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं, घेतो म्हणतोय. मी म्हटलं, घे, पण रोज वापरायला घेऊ नकोस. दुकानदार सांगतो, "सेल लागत नाही, आयुष्यभर बघायला नको." सेल लागत नाही हे खरं. पण आत तेल असतं आणि ते वाळतं. काही वर्षांनी मशीन उघडून, धुऊन, पुन्हा तेल द्यावंच लागतं. त्या सर्व्हिसिंगचा खर्च घड्याळाच्या किमतीशी ताडून बघा, मग सेल बदलणं किती स्वस्त ते कळेल.

वेळेचं तर विचारूच नका. या किमतीत बहुतेक सेकोचं एनएच३५ नाहीतर मियोटाचं ८२१५ मशीन मिळतं. कंपनी स्वतःच सांगते की दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे चालायचं. साधं सेलवरचं क्वार्ट्झ महिन्याला १५-२० सेकंद इकडेतिकडे होतं. जास्त पैसे मोजून कमी अचूक वस्तू! हौस असेल तर हौस म्हणा, सोय म्हणू नका.

रामबागेतला
काका, आकडे बरोबर आहेत, निकाल पटला नाही. २० मागे, ४० पुढे ही कंपनीनं सांगितलेली हद्द आहे, प्रत्येक घड्याळ तिथवर जाईलच असं नाही. आणि रात्री काढून ठेवताना डायल वर ठेवलंत की उभं ठेवलंत, यानंही चाल थोडी बदलते. आठवडाभर बघून जे जमतं तसं ठेवायचं, दिवसाची चूक रात्री बरीचशी भरून निघते.

दुसरं म्हणजे, ही कपाटात ठेवायची चीज आहे हे कुणी सांगितलं? सेको फाइव्ह १९६३ मध्ये निघालं ते रोज घालायलाच. ऑटोमॅटिक मशीन, वार-तारीख एका खिडकीत, पाण्याला न घाबरणारी केस (बाहेरचं कवच), आणि चावी चारच्या आकड्याशी आत दडवलेली, कारण रोज चावी द्यायचीच नाही. नोकरदार माणसाचं घड्याळ आहे हो ते. महागड्या स्विस घड्याळांच्या नादी लागलेल्यांनी ऑटोमॅटिकला उगाच देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. दुरुस्तीचं म्हणाल तर एनएच३५ कितीतरी ब्रँडांत बसतं. फारच बिघडलं तर अख्खं मशीन बदलून मिळतं.

सुदामानगरकर
मशीनच बदलायचं तर "आयुष्यभर" कुठे राहिलं?

भिया_इंदौरी
मोबाईल आहे नं भिया. संपला विषय.

रामबागेतला
पलासियाच्या सिग्नलला हेल्मेट-हातमोजे घालून मोबाईल काढून दाखव, मग संपवू.

पीथमपूर_पहिली_शिफ्ट
भाचा शॉप फ्लोअरवर आहे की ऑफिसात, हे आधी विचारा. सगळं त्यावर आहे. आमच्याकडे सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंड घासून सपाट करायच्या मशीनवर, तुकडा चुंबकानं धरून ठेवणारं मॅग्नेटिक चक असतं, मापं घ्यायच्या डायल गेजच्या स्टँडला मॅग्नेटिक बेस असतो. दिवसभर हात तिथेच. ऑटोमॅटिकची चाल सांभाळणारी हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक; तिला चुंबक लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट सुटतं. सेकंदांचा हिशोब राहत नाही, रोज कित्येक मिनिटं पुढे. शेजारच्या मशीनवाल्याचं असंच झालं. तो म्हणे स्प्रिंग तुटली असणार. घड्याळजीनं आधी होकायंत्र जवळ धरलं, सुई हलली, मग चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून दोनदा फिरवून परत दिलं. काम एवढंच, पण सोमवारी पुन्हा त्याच चकवर हात.

काट्यांचं क्वार्ट्झही चकजवळ थबकतं बरं का. लांब नेलं की चालू लागतं, फक्त तेवढा वेळ मागे पडतं. प्लास्टिकचं डिजिटल मात्र ढिम्म हलत नाही. फ्लोअरवर तेच घालायचं. ऑटोमॅटिक रविवारी, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला जाताना.

रामबागेतला
हे मान्य. पण ही तुमच्या कामाची अडचण झाली, "रोज"ची नाही. सगळे काही ग्राइंडरवर नसतात.

बँकवाली_मंगला
मग ग्राइंडरवर नसलेल्यांचं ऐका. मी दिवसभर टेबलाशी, हात कीबोर्डवर. चावी भरणारं आतलं वजन, म्हणजे रोटर, फिरायला मनगट हलावं लागतं. माझं हलतं ते शिक्का मारताना. मुलानं हौसेनं दिलेलं सेको, जुन्या ७एस२६ मशीनचं, ज्याला चावी देताच येत नाही. पूर्ण भरलेलं असलं तर चाळीसेक तास चालतं, माझं पूर्ण भरतंच कुठे? दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी आली की शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं घड्याळ रविवारी कधीतरी झोपतं. सोमवारी कुकरच्या शिट्ट्या मोजत मी त्याला हलवते, मग काटे पुढे फिरवते, तारीख बदलली की कळतं मध्यरात्र झाली, तिथून सकाळपर्यंत आणते, मग तारीख, मग वार. तारीख थेट बदलायला जायचं नाही, कारण रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान काटे असतील तर आतले दाते आधीच तारखेच्या चाकात अडकलेले असतात, जोर केला तर तुटतात. हे सगळं मुलानं बजावून सांगितलंय. आता याला सोय म्हणायचं?

रामबागेतला
मंगलाताई, ७एस२६ आता मागे पडलं. नव्या ४आर३६ला चावी देता येते आणि वेळ लावताना सेकंदकाटाही थांबतो. सकाळी वीसेक वेढे दिले की टेबलावरचा दिवस निघतो. आणि वार-तारीख नसलेलं घेतलं तर सोमवारचं काम निम्मं होतं.

जुनी_इंदूर
रोज चावीच द्यायची असेल तर सरळ चावीचं घ्या की. एचएमटी जनता, देवनागरी आकड्यांच्या तबकडीचं. ऑटोमॅटिकपेक्षा पातळ, आत फिरणारं वजन नाही, बिघडायला तेवढं कमी. फक्त ऑनलाइन "नवी कोरी" बघून भुलू नका. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली. मग गुलाबी-मोरपंखी तबकड्यांची जुनी मॉडेलं रोज नव्यानं येतात कुठून? जुन्या केसमध्ये रंगवलेली डायल आणि चार घड्याळांचे भाग जमवलेलं मशीन, दुसरं काय.

सुदामानगरकर
बघा, ऑटोमॅटिकची बाजू घेणारे शेवटी चावीवर आले.

रामबागेतला
मी नाही आलो. माझं दिवसभर स्कूटरवर हिंडायचं काम आहे, हात सतत हलतो, घड्याळ आपोआप भरतं. बसून काम करणाऱ्यानं चावीची सोय असलेलं घ्यावं एवढंच म्हणतोय.

बँकवाली_मंगला
बरं, चावी देता येणारं, तारीख नसलेलं, आणि मुख्य म्हणजे माझ्या मनगटावर ताटलीसारखं न दिसणारं, ३४ मिलिमीटरच्या आतलं ऑटोमॅटिक दाखवा या बजेटात. बायकांची मनगटं तुमच्या या चर्चेत कुठेच नाहीत.

रामबागेतला
३८ चालेल?

बँकवाली_मंगला
नाही.