मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर लागत नाही (दोन राउटर, विंडोज १० आणि ११)

नमस्कार मंडळी,

घर मनीषनगरला, दुमजली. खाली बाबांचा डेस्कटॉप, विंडोज १०. त्याला यूएसबीने जोडलेला साधा लेझर प्रिंटर. त्याला वायफाय नाही, लॅन नाही, म्हणून डेस्कटॉपवरून शेअर केलाय. वर वहिनीचा लॅपटॉप, विंडोज ११. ती दहावीच्या ट्यूशन घेते, टेस्ट पेपरांचा गठ्ठा छापायचा असतो. सध्या पेन ड्राइव्ह खाली-वर चालू आहे, आणि उन्हाळ्यात खाली कुलरपुढे गेलेला माणूस लवकर वर येत नाही.

कंपनीचा फायबरचा राउटर खाली आहे. स्लॅबमुळे वर रेंज येईना, म्हणून केबल ओढून वर आपला दुसरा राउटर बसवला. केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत) आहे. खालच्या मशीनला १९२.१६८.१ चा पत्ता मिळतो, वरच्यांना १९२.१६८.० चा.

लॅपटॉप खालच्या वायफायवर नेला की नेटवर्कमध्ये बाबांचा पीसी दिसतो. वरच्या वायफायवर नावाने सापडतच नाही. मात्र नावाऐवजी थेट आयपी, म्हणजे पीसीचा तो आकडी पत्ता, टाकला तर वरूनही युजरनेम-पासवर्डची खिडकी येते. बाबांचा पीसी पिनने उघडतो, तो पिन इथे चालत नाही. पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढून दिलं, तेव्हा प्रिंटर दिसला. पण कनेक्ट म्हटलं की शेवटी ११बी असलेला एरर. हा एरर खालच्या वायफायवरही येतो, म्हणजे आजार दोन असावेत.

स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) बंद-चालू केला, ड्रायव्हर नव्याने टाकला, फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहिली. फरक नाही. बाबांचं एकच: "प्रिंटर तर चालून राहिला ना बे, तुमच्याच लॅपटॉपात काहीतरी बिघडलं."

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) एक व्हॅल्यू शून्य केली की ११बी जातो असं सगळीकडे लिहिलंय. ते करायचं नाही. त्याने प्रिंटर जोडतानाची एक तपासणी बंद होते; सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती तपासणी सुरक्षेसाठी लागू झाली, आणि बाबा त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार करतात. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद १
दोन आजार हे निदान बरोबर. वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क करून बसलाय. वरून खाली आयपीने जाता येतं, पण नाव शोधणारी हाक राउटर ओलांडत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवणारा) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१ च्या रांगेतला मोकळा द्या, डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. क्रम हाच ठेवा, नाहीतर एका घरात दोघे पत्ते वाटत बसतील. बाबांच्या पीसीचा आयपी खालच्या राउटरमध्ये राखून ठेवा, लाइट जाऊन आल्यावर बदलायला नको.

प्रतिसाद २
११बीसाठी रजिस्ट्रीला हात नका लावू. आधी दोन्ही मशीनवर उपलब्ध अपडेट टाका. तरी अडलं तर लॅपटॉपवर 'अॅड प्रिंटर'मध्ये मॅन्युअल, मग नवीन पोर्ट, प्रकार 'लोकल पोर्ट'. पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरप्या रेघा, पीसीचा आयपी, तशीच एक उलटी तिरपी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव. शेअर नावात स्पेस नको. ड्रायव्हर हाताने निवडा. त्या वेगळ्या खात्याचा पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड जपणाऱ्या भागात) जतन करा, नाहीतर रीस्टार्टनंतर प्रिंट रांगेतच अडकेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. वरच्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोड निघाला, आता पीसी नावाने सापडतो. अपडेटने ११बी गेला नाही, लोकल पोर्टने काम झालं. वहिनीचा पेपर वरून छापला गेला, फक्त पाठपोट छपाईचा पर्याय लॅपटॉपवर दिसत नाही. प्रिंटरमध्ये ती सोय आहे, खालून होते. जेनेरिक (सर्वसाधारण, त्या प्रिंटरचा खास नसलेला) ड्रायव्हर निवडल्यामुळे असेल का? आणि बाबांचा पीसी झोपला की वरून प्रिंट जात नाही, त्याला स्लीप बंद करण्याशिवाय काही उपाय?

प्रतिसाद २
हो, ड्रायव्हरच. कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकून प्रिंटर प्रॉपर्टीजच्या डिव्हाइस सेटिंग्जमध्ये डुप्लेक्स (पाठपोट छपाई) 'इन्स्टॉल्ड' करा. स्लीप मात्र बंदच ठेवा, स्क्रीन तेवढी बंद होऊ द्या.